मानेत मज्जारज्जू दबलाय, दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलंय: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एमआरआयची फिल्म हातात घेऊन आलेले लोक आणि त्यांचे घरचे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी ‘छेद केवढा?’ हाच असतो. मी तो मुद्दाम थोडा खाली ढकलला आहे.

मज्जारज्जू दबतो म्हणजे नक्की काय होतं?

मेंदूतून निघालेला मज्जारज्जू मानेच्या सात मणक्यांमधल्या पोकळीतून खाली उतरतो. हात, पाय, तोल, लघवी, संडास या सगळ्यांचे निरोप त्यातूनच ये-जा करतात. मानेच्या मधल्या भागात या पोकळीची खोली, म्हणजे पुढून मागचं अंतर, साधारण १७ मिलिमीटर असतं. मज्जारज्जू स्वतः साधारण ८ मिलिमीटरचा. भोवती ऐसपैस जागा असते. पण काहींची पोकळी जन्मापासूनच चिंचोळी असते, १३ मिलिमीटरपेक्षाही कमी. त्यात वयानुसार मणक्यांमधली गादी चपटी होऊन मागे फुगते, हाडांच्या कडांना टोकं फुटतात, मागच्या बाजूचा पिवळा अस्थिबंध (लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) जाड होऊन आत दुमडतो. काही जणांत मणक्यांच्या पाठीमागून उभा जाणारा अस्थिबंध हळूहळू हाडच बनतो. हा प्रकार पूर्व आशियाई लोकांत जास्त आढळतो, आणि त्यावरचा बराच अभ्यास जपानी डॉक्टरांनी केला आहे.

यात दाब हा एकच भाग झाला. मान मागे झुकली की पोकळी आणखी आवळते, पुढे वाकली की मज्जारज्जू त्या टोकांवर ताणला जातो. दिवसभर हे चालूच असतं. रक्तपुरवठा कमी पडतो, पेशी मरतात. या आजाराला वैद्यकीय भाषेत सर्व्हायकल मायलोपॅथी म्हणतात. पन्नाशीनंतर मज्जारज्जू बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

‘नस दबली’ आणि ‘मज्जारज्जू दबला’, दोन्ही एकच ना?

नाही, आणि या दोन गोष्टींची सरमिसळ फार महागात पडते. नस म्हणजे मज्जारज्जूतून बाजूला फुटलेली फांदी. ती दबली तर खांद्यापासून बोटांपर्यंत एका पट्ट्यात कळ जाते, मुंग्या येतात. दुखतं भयंकर, पण बहुतेक लोक काही आठवड्यांत औषधं आणि व्यायामावर बरे होतात. मज्जारज्जू म्हणजे खोड. तिथे दाब आला तर खालचं सगळंच बिघडू शकतं, आणि ते दुखेलच असं नाही. काहींना दोन्ही त्रास एकत्र असतात.

रिपोर्ट न वाचताच कोणी ‘मणक्यात गॅप आलाय’ एवढंच सांगितलं असेल, तर ते वाक्य विसरून जा. त्यातून काहीच कळत नाही. मज्जारज्जूवर दाब आहे की नाही, हे स्पष्ट विचारा.

मान अजिबात दुखत नाही. तरी मानेचं ऑपरेशन कसं काय?

हा आजार असाच फसवतो. मज्जारज्जूवरचा दाब बऱ्याचदा दुखत नाही. लोक वेगळ्याच तक्रारी घेऊन येतात: शर्टाचं बटण लागत नाही, किल्ली कुलपात घालताना चाचपडावं लागतं, सही बँकेत जुळत नाही, फोनवर टाइप करताना बोट भलत्याच अक्षरावर पडतं. पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. अंधारात किंवा तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. जिना उतरताना कठडा धरावासा वाटतो. लघवीची घाई होते. मान पुढे वाकवली की पाठीतून पायांपर्यंत विजेचा झटका जातो. त्याला ल्हेर्मितचं चिन्ह म्हणतात.

वयस्कर माणूस असला तर घरचे म्हणतात, ‘वयच झालंय आता.’ हातांच्या मुंग्या पाहून मनगटाच्या नसेचं ऑपरेशन होतं, चाल बिघडलेली पाहून गुडघ्यांवर किंवा कमरेवर उपचार होतात. योग्य निदान व्हायला सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ जातो, असं अभ्यासांत दिसलं आहे.

घरच्या घरी काही तपासता येतं का?

निदान घरी होत नाही, पण संशय घ्यायला एक सोपी चाचणी आहे. हात समोर धरा, तळवा खाली. आता दहा सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा मूठ घट्ट मिटा आणि बोटं पूर्ण उघडा. निरोगी माणसाला वीस किंवा त्याहून जास्त वेळा जमतं. मज्जारज्जू दबलेल्या माणसाचा हात समोरून पाहण्यासारखा असतो. पहिल्या चार-पाच वेळा ठीक, मग बोटं अर्धवटच उघडतात, करंगळी मागे रेंगाळते, आणि बोटं उघडावीत म्हणून तो नकळत मनगट खाली वाकवायला लागतो.

डॉक्टर याखेरीज मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारून अंगठा आत वळतो का ते पाहतात, तळपायावर रेघ ओढतात, पायांची एका ओळीतली चाल बघतात. ही तपासणी न करता नुसता एमआरआय पाहून ऑपरेशनची तारीख मिळाली असेल, तर मी आणखी एका डॉक्टरांचं मत घ्यायला सांगेन.

एमआरआयमध्ये दाब दिसतोय, पण मला काहीच त्रास नाही. मग?

असे लोक पुष्कळ आहेत. साठीपुढच्या कितीतरी माणसांच्या फिल्ममध्ये थोडाफार दाब निघतो आणि ती माणसं मजेत असतात. त्रास नाही, तपासणीत काही सापडत नाही, तर सहसा ऑपरेशन करत नाहीत. लक्षणं समजून घ्यायची आणि ठरावीक काळानं तपासून घ्यायचं. मात्र दाबाबरोबर हाताची नसही चिडलेली असेल, तर अशा व्यक्तीला पुढे मायलोपॅथी होण्याची शक्यता जास्त असते. तिच्यावर बारीक लक्ष हवं.

उलटंही होतं. मानेत दाब दिसतो, पण त्रासाचं कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मज्जातंतूंचा दुसराच आजार निघतो. म्हणून ऑपरेशनआधी रक्त तपासणं आणि गरज वाटल्यास न्यूरॉलॉजिस्टला दाखवणं हा वेळकाढूपणा नाही.

गोळ्या, व्यायाम, कॉलर, ट्रॅक्शन यांनी दाब निघणार नाही का?

गोळीनं दुखणं कमी होईल, हाडाचं टोक विरघळणार नाही. त्रास अगदी सौम्य असेल तर डॉक्टरांच्या नजरेखाली काही काळ फिजिओथेरपी करून पाहणं मान्य आहे. पण मान ताणणं, कडकड मोडून घेणं, झटका देऊन ‘मणका बसवणं’ हे प्रकार मज्जारज्जू दबलेला असताना करू नका. आधीच आवळलेल्या जागेत एक झटका हातपाय लुळे करायला पुरतो. साधं घसरून तोंडावर पडलं आणि मान मागे मोडली, तरी अशा माणसाचे हात क्षणात निकामी होऊ शकतात. म्हणून पायपुसणी उचला, बाथरूममध्ये धरायला दांडा लावा, रात्री दिवा चालू ठेवा. ऑपरेशन करायचं की नाही हे ठरेपर्यंतसुद्धा हे लागू आहे.

ऑपरेशन करायचंच ही वेळ कधी येते?

त्रास मोजण्यासाठी १८ गुणांची एक मोजपट्टी वापरतात. ती जपानी अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मोजपट्टीवरून बेतलेली आहे. हातांचं काम, पायांची चाल, संवेदना आणि लघवी यांना गुण दिले जातात. १८ म्हणजे ठणठणीत, १५ ते १७ सौम्य, १२ ते १४ मध्यम, ११ किंवा कमी म्हणजे गंभीर. २०१७ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मध्यम आणि गंभीर त्रासात ऑपरेशनची शिफारस आहे. सौम्य त्रासात ऑपरेशन किंवा देखरेखीखाली व्यायाम, दोन्ही चालतात. पण व्यायामावर असताना त्रास वाढला किंवा काहीच सुधारणा नाही, तर ऑपरेशनकडे वळायचं.

हा आजार सरळ उतारासारखा वाढत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो. महिनोन्‌महिने सगळं स्थिर, मग एकदम एक पायरी खाली. ‘गेलं वर्षभर तसंच आहे, मग घाई कशाला’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

आता सांगा, दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे काय? लेझर का?

लेझर नव्हे. जाहिरातींनी हा गोंधळ वाढवला आहे. एंडोस्कोप ही काडीसारखी लांब, बारीक नळी. तिच्या टोकाला भिंग आणि दिवा, आणि तिच्या आतूनच हत्यारं जायला वाट. मानेच्या मागे साधारण एक सेंटिमीटरचा छेद पुरतो. आत सतत सलाइनचं पाणी वाहत असतं आणि समोरच्या पडद्यावर सगळं मोठं होऊन दिसतं.

दोन पद्धती प्रचलित आहेत. एका छिद्राच्या पद्धतीत कॅमेरा आणि हत्यार एकाच नळीतून जातात. दोन छिद्रांच्या पद्धतीत एका छिद्रातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यार. त्यामुळे हात मोकळा चालतो आणि नेहमीची हत्यारंही वापरता येतात. कोणती चांगली यावर सर्जनमंडळी तावातावानं भांडतात. तुम्ही त्यात पडू नका. तुमच्या सर्जनचा हात जिच्यावर बसलाय ती चांगली.

पुढून करतात की मागून?

उघड्या ऑपरेशनांत दोन्ही वाटा जुन्या आहेत. गळ्याच्या पुढून गादी काढून दोन मणके जोडण्याची पद्धत १९५८ साली प्रसिद्ध झाली आणि आजही जगभर रोज होते. मागून मणक्याची कमान, म्हणजे पोकळीची मागची हाडाची भिंत, काढून टाकणं किंवा तिला एका बाजूनं बिजागरीसारखं उघडून पोकळी रुंद करणं, ही दुसरी वाट. बिजागरीची युक्ती १९७० च्या दशकात जपानमध्ये घडली.

दुर्बिणीनं मज्जारज्जू मोकळा करायचा तर बहुतेक वेळा मागूनच जातात. पुढूनही जाता येतं, गादीतून किंवा मणक्यालाच बारीक भोक पाडून, पण तिथे अन्ननलिका, श्वासनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या अगदी शेजारी असतात, आणि हे काम मोजक्या लोकांत, मोजक्या ठिकाणीच होतं.

मागून मोकळं करायला एक अट आहे. मानेचा नैसर्गिक बाक शाबूत हवा. मागची भिंत काढली की मज्जारज्जू मागे सरकतो आणि पुढच्या टोकांपासून सुटतो. मान उलट्या दिशेनं वाकलेली असेल तर तो पुढच्या टोकांवरच ताणलेला राहतो. मागे कितीही जागा केली तरी उपयोग नाही. उघड्या ऑपरेशनांपुरतं बोलायचं तर, पुढून चांगलं की मागून, यावर उत्तर अमेरिकेतल्या १६३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२१ साली आला. वर्षभरानंतरच्या शारीरिक क्षमतेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही.

आत प्रत्यक्षात काय करतात? भीती वाटते म्हणून विचारते.

भीती वाटणं साहजिक आहे, आणि मला वाटतं आतली गोष्ट कळली की ती थोडी कमी होते.

पूर्ण भूल दिली जाते. भूल देताना श्वासनळी घालण्यासाठी मान नेहमीसारखी मागे मोडायची नसते, म्हणून कॅमेऱ्याचं उपकरण वापरून मान सरळ ठेवूनच नळी घालतात. भूलतज्ज्ञांना ‘माझा मज्जारज्जू दबलाय’ हे आधीच सांगा. पुढे कधी दुसऱ्या कशाचं ऑपरेशन झालं तरीही सांगा. रक्तदाब पडू देत नाहीत, कारण दबलेल्या मज्जारज्जूला रक्त कमी पडून चालत नाही. डोक्यावर, हातापायांवर तारा लावून मेंदूचे निरोप खाली पोहोचतायत का हे ऑपरेशनभर पाहत राहतात.

मग पालथं झोपवून डोकं पक्कं धरतात. एक्स-रेवर मणका मोजून खात्री करतात. चुकीच्या मणक्यावर काम होणं ही कल्पित भीती नाही, म्हणून हे मोजणं दोनदा होतं. छेद घेऊन स्नायू कापत नाहीत, त्याचे धागे बाजूला सारत नळी हाडापर्यंत नेतात.

पडद्यावर सुरुवातीला पांढरं हाड आणि त्यावर शेवाळासारखे हलणारे धागे दिसतात. ते साफ झाले की हिऱ्याची पूड लावलेल्या बारीक ड्रिलनं कमान झिजवायला घेतात. हे काम अतिशय संथ आहे. कमरेत नस थोडी बाजूला सरकवता येते. मानेत मज्जारज्जूला हात लावायचा नाही, ढकलायचं नाही, त्याच्या आणि हाडाच्या मध्ये जाड हत्यार घुसवायचंही नाही, कारण जागाच नसते. म्हणून हाड अंड्याच्या कवचाइतकं पातळ होईपर्यंत झिजवतात आणि मग ते कवच अलगद उचलतात. एका बाजूनं शिरून, नळी तिरकी करून, कमानीच्या पोटाखालून पलीकडची बाजूही मोकळी करता येते. पिवळा अस्थिबंध शेवटपर्यंत जागेवर ठेवतात, कारण ड्रिल आणि मज्जारज्जू यांच्यामधली ती ढाल असते. सगळं हाड झालं की मग तो काढतात.

आणि तेव्हा पडद्यावर एक गोष्ट दिसते. इतका वेळ निपचित पडलेलं मज्जारज्जूचं आवरण ठोक्यागणिक हलू लागतं. जागा पुरेशी झाल्याची ही एक खूण. तेवढ्यावर भागत नाही. वरच्या, खालच्या आणि दोन्ही कडांना बोथट हुक फिरवून तपासावं लागतं.

सतत पाणी सोडतात, त्यानं मज्जारज्जूला इजा नाही होत?

प्रश्न अगदी बरोबर आहे. पाण्यामुळे रक्त धुतलं जातं, दृश्य स्वच्छ राहतं, जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो. पण तेच पाणी आत कोंडलं तर दाब थेट मज्जारज्जूवर आणि वर डोक्यापर्यंत जातो. त्यातून ऑपरेशननंतर डोकेदुखी, मानदुखी, अगदी क्वचित फिट येऊ शकते. म्हणून पंपाचा दाब कमी ठेवतात किंवा सलाइनची पिशवी ठरावीक उंचीवर टांगून नुसत्या उताराचा दाब वापरतात, आणि आत गेलेलं पाणी बाहेर पडतंय ना, यावर डोळा ठेवतात. पाणी येताना दिसायलाच हवं. ते थांबलं तर काम थांबतं.

उघड्या ऑपरेशनपेक्षा हे खरंच चांगलं आहे का?

स्नायूंच्या बाबतीत हो. उघड्या ऑपरेशनात मानेचे स्नायू हाडापासून सोलून बाजूला करावे लागतात. ते पुन्हा चिकटले तरी पूर्वीसारखे राहत नाहीत. मान आखडते, महिनोन्‌महिने दुखते, काहींची मान पुढे झुकू लागते. दुर्बिणीत हे नुकसान कमी, रक्तस्राव कमी, रुग्णालयातला मुक्काम कमी. सांध्यांचा निम्म्याहून जास्त भाग शाबूत ठेवता आला तर मणके जोडावे लागत नाहीत, स्क्रू लागत नाहीत, मान वळत राहते.

मज्जारज्जू जास्त चांगला बरा होतो का? याचा पक्का पुरावा अजून नाही. २००८ साली जर्मनीतल्या सर्जननी १७५ रुग्णांवर दुर्बिणीची आणि पुढून मणके जोडण्याची पद्धत ताडून पाहिली आणि दोन वर्षांनी निकाल तुल्यबळ आले. हा अभ्यास बरेच जण दाखवतात. पण तो नस दबलेल्या रुग्णांचा होता, मज्जारज्जू दबलेल्यांचा नव्हे. मायलोपॅथीवरचे दुर्बिणीचे अभ्यास बहुतेक लहान आणि जुन्या नोंदींवर बेतलेले आहेत. निकाल आशादायक आहेत, एवढंच आज प्रामाणिकपणे म्हणता येतं.

माझं मत विचाराल तर, छेदाच्या मापावरून पद्धत निवडणं हा उलटा हिशेब आहे. एक सेंटिमीटरच्या छेदातून अर्धवट मोकळा केलेला मज्जारज्जू काय कामाचा? आधी विचारा, तुमच्या मानेत दाब कुठून आहे आणि तो पूर्ण काढायला कोणती वाट लागते. त्या वाटेनं दुर्बीण जात असेल तर उत्तमच.

कोणाला दुर्बिणीचं ऑपरेशन चालत नाही?

मान उलट वाकलेली किंवा मणके एकमेकांवर सरकणारे असतील तर जोडणीशिवाय भागत नाही. पुढून आलेलं मोठं हाडाचं टोक, पोकळीचा बराच भाग व्यापलेला हाडाळ अस्थिबंध, चार-पाच पातळ्यांवरचा दाब, गाठ किंवा पू: यांत उघडी पद्धत बहुधा सरस ठरते. एक-दोन पातळ्यांवर, मागून जास्त दाब, बाक शाबूत, असा रुग्ण दुर्बिणीसाठी सर्वांत योग्य. म्हणूनच एमआरआयबरोबर हाड पाहायला सीटी स्कॅन आणि मान पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे मागतात. तीन-तीन तपासण्या कशाला, असं वाटतं खरं, पण प्रत्येकीत दिसतं ते वेगळं.

धोके कोणते?

मज्जारज्जूचं आवरण फाटून त्याच्या आतलं पाणी झिरपणं, जंतुसंसर्ग, दाब अर्धवट निघणं, नंतर पुन्हा दाब येणं. सर्वांत भयंकर म्हणजे मज्जारज्जूलाच इजा. ती दुर्मीळ आहे, पण शून्य नाही, आणि कोणी ‘शंभर टक्के सुरक्षित’ म्हणत असेल तर खुर्चीवरून उठा.

दोन गोष्टी सविस्तर सांगायला हव्यात. पहिली, आत रक्त साचणं. छेद लहान असल्यामुळे रक्ताला बाहेर यायला वाट कमी मिळते. ऑपरेशननंतर काही तासांत हातपाय आधीपेक्षा जड वाटू लागले, मान असह्य दुखू लागली, तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं. लगेच नर्सला सांगायचं. रक्ताची गाठ वेळेत काढली तर माणूस सावरतो.

दुसरी, खांदा वर न उचलला जाणं. मानेतल्या पाचव्या नसेचा हा अशक्तपणा दुर्बिणीपुरता नाही. मज्जारज्जू मोकळा करण्याच्या कोणत्याही ऑपरेशननंतर साधारण शंभरात पाच जणांना तो होतो. गंमत अशी की तो बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी येतो. माणूस चांगला शुद्धीवर येतो, हात हलवतो, आणि दोन दिवसांनी केस विंचरायला हात वर जात नाही. बहुतेकांत काही महिन्यांत व्यायामानं ताकद परत येते. हे आधी माहीत असलं की त्या सकाळी काळजाचा ठोका चुकत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. बंद करू?

स्वतःहून नको. सर्जन, हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून दिवस ठरवतील. हळद, लसूण, माशाचं तेल यांच्या कॅप्सूल घेत असाल तर त्याही सांगा. ‘ते काय औषध आहे का’ म्हणून लोक लपवतात. साखर आटोक्यात आणा. सिगारेट सोडा, ती मज्जातंतूंच्या सुधारणेतही आडवी येते.

ऑपरेशननंतर उठायचं कधी? कॉलर किती दिवस?

बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात. जोडणी नसेल तर कॉलर लागत नाही, किंवा काही दिवस आरामापुरती देतात. महिनाभर घालून बसलं तर मानेचे स्नायूच कमजोर होतात. बैठं काम दोन-तीन आठवड्यांत सुरू करता येतं, वजन उचलण्याचं काम उशिरा. गाडी चालवायची तर मान न दुखता वळली पाहिजे आणि पाय ब्रेकवर वेळेत पडला पाहिजे. दुसरी अट लोक विसरतात. ताप, जखमेतून पाणी, वाढता अशक्तपणा, लघवी अडणं यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

हात-पाय पहिल्यासारखे होतील का?

ऑपरेशनचा पहिला हेतू आहे घसरण थांबवणं. सुधारणा बहुतेकांत होते, पण ती किती, हे आधी किती बिघडलं होतं आणि किती काळ दबलं होतं यावर ठरतं. काही महिन्यांचा सौम्य त्रास असलेला माणूस जवळजवळ पूर्ववत होऊ शकतो. तीन वर्षं काठी घेऊन चालणाऱ्याची काठी सुटेलच असं नाही. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा महिन्यांत, उरलेला वर्ष-दोन वर्षांत. कळ आणि झटके लवकर जातात, बोटांचं बारीक काम हळू येतं, बधिरपणा सर्वांत चिवट.

फिजिओथेरपी अंगाला तेल चोपडण्यासारखी करू नका. मणी ओवणं, नाणी उचलणं, बटणं लावणं-काढणं, एका ओळीत चालणं असं नेमकं काम द्या हातापायांना. दर महिन्याला दहा सेकंदांच्या मुठी मोजून वहीत लिहा. ‘काहीच फरक नाही’ म्हणणाऱ्याच्या वहीत नऊचे चौदा झालेले असतात.

सर्जनना काय विचारू?

माझा दाब पुढून आहे की मागून? माझी मान नीट बाकदार आहे का? अशी मानेची दुर्बिणीची ऑपरेशनं तुम्ही स्वतः किती केलीत? कमरेची नव्हे, मानेची. मध्येच दुर्बिणीनं जमलं नाही तर उघडं करायची तयारी त्याच टेबलावर आहे का? तारा लावून देखरेख करणार का? ही हातोटी यायला बराच काळ लागतो, आणि मान ही पहिल्या धड्याची जागा नव्हे. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय केला. मज्जारज्जूतला पांढरा डाग तसाच आहे. ऑपरेशन फसलं का?

नाही. तो डाग आधीच झालेल्या इजेचा व्रण असू शकतो आणि कित्येकांत कायम राहतो. फिल्ममध्ये बघायचं ते त्या डागाभोवती: मज्जारज्जूच्या पुढे-मागे पांढऱ्या पाण्याची रेघ परत दिसतेय का. ती दिसत असेल आणि बटणं आधीपेक्षा लवकर लागत असतील, तर फिल्म पाकिटात घालून ठेवा.